आधी खुर्ची भिंतीला टेकवा

प्रश्न: माझे यजमान ६७ वर्षांचे, भोसरीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दहा वर्षांपासून सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे. सिगारेट सुटून सहा वर्षं झाली. जुलैच्या पावसात न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात होते, त्यातले दोन दिवस श्वासाला मदत करणाऱ्या मास्कच्या मशीनवर. घरी येऊन बारा दिवस झाले. डिस्चार्जच्या कागदावर 'हलका व्यायाम करावा' एवढंच लिहिलंय. हलका म्हणजे किती? आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. व्यायाम शिकवणारं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. हे पलंगावरून संडासपर्यंत गेले तरी धापा टाकतात, म्हणून मी सगळं हातात देते, अंघोळही मीच घालते. मुलगा हिंजवडीला असतो. त्याने ऑक्सिमीटर आणि श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र आणून दिलंय आणि दर दोन तासांनी व्हॉट्सॲपवर आकडा मागतो. ९१ दिसलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. शेजारचे म्हणतात कपालभाती करा, फुप्फुसं मोकळी होतील. एकेकाळी रोज पर्वती चढणारा माणूस हा. परवा मला म्हणाले, 'आता मला खाली न्यायचं ते चौघांनीच.' काय करू?

उत्तर:

ताई,

ते 'चौघांनीच' वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून आधी चहा टाकला. वीसेक वर्षं मी श्वसनाच्या पेशंटना व्यायाम शिकवते आहे. पेठांतल्या जुन्या इमारतींमध्ये हे वाक्य पुष्कळदा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाटतं की माणूस मरणाविषयी कमी आणि जिन्याविषयी जास्त बोलतोय. जिन्यावर इलाज आहे. त्याला दीड-दोन महिने लागतील, आणि सुरुवात जिन्यावर नाही, खुर्चीवर होईल.

'हलका व्यायाम करावा' हे वाचलं की मला माझ्याच क्षेत्राचा राग येतो. 'थोडी गोळी घ्यावी' असं कुणी लिहितं का? किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, सगळं लिहून देतात. व्यायामाला मात्र 'हलका'. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. सीओपीडीमुळे दवाखान्यात राहून घरी गेलेल्या जवळजवळ दोन लाख अमेरिकी ज्येष्ठांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत श्वसनाच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू केलेले त्यात निघाले दीड टक्का! ज्यांनी तो सुरू केला त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू बरेच कमी होते. व्यायाम करणारे मुळातच जरा धडधाकट असणार, हे धरून हिशेब लावला तरी फरक उरलाच. म्हणून वाट बघत बसू नका. घरी आल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे हाच सुरू करण्याचा काळ, आणि तुमचे बारा दिवस त्यातच गेलेत.

फेरतपासणी जवळ आली असेल. तिथे तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. एक, ऑक्सिजनचा आकडा किती असणं अपेक्षित आहे आणि चालताना कितीच्या खाली गेला तर थांबायचं. दोन, व्यायामाआधी पंप (इनहेलर) घ्यायचा का. तीन, हृदय, रक्तदाब, गुडघे यांच्यामुळे काही वर्ज्य आहे का. त्यांची उत्तरं आणि माझं लिखाण यांत फरक आला तर त्यांचं ऐका. त्यांनी पेशंट पाहिलाय, मी फक्त पत्र.

आता धाप. तुमच्या घरात सगळ्यांचा समज असा दिसतो की धाप फुप्फुसातून येते, तेव्हा फुप्फुसाला विश्रांती द्यायची. हे अर्धंच खरं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठीच्या पुढच्या डझनभर निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. ताप नाही, खोकला नाही, जेवणखाण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू झडला. तुमच्या यजमानांचे नऊ दिवस तर तापात, सलाइनवर, अर्धवट जेवणावर गेले, आणि वर घरच्या पलंगावरचे बारा. एकदा त्यांची मांडी दोन्ही हातांनी धरून बघा, तुम्हालाच कळेल.

असा रोडावलेला स्नायू थोड्याशा कामाने थकतो, रक्तात आम्ल सोडतो, आणि ते निस्तरायला श्वास वाढवावा लागतो. म्हणजे उधारी करतात पाय आणि फेडावी लागते फुप्फुसांना. सीओपीडीने झालेलं फुप्फुसाचं नुकसान भरून येत नाही, हे मी लपवणार नाही. मांडी मात्र ६७ व्या वर्षीही परत येते. धाप लागते म्हणून बसायचं, बसल्याने पाय आणखी झडायचे, मग त्याहून कमी चालण्यावर धाप लागायची, या चक्रात माणूस महिनाभरात पलंगाला खिळतो. आणि बहुतेक घरांत हे चक्र प्रेमानेच फिरवलेलं असतं. रागावू नका, तुमच्याही.

म्हणून पहिली गोष्ट ही पक्की करा की धाप लागल्याने फुप्फुस फाटत नाही, झिजतही नाही. व्यायामात धाप लागायलाच हवी. फक्त किती, हे ठरलेलं असावं. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रम मोजायची एक सोपी पट्टी तयार केली, ती आम्ही रोज वापरतो. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही, दहा म्हणजे याहून जास्त सोसवणार नाही. यजमानांना तीन ते चारच्या आसपास राहायचंय. आकडा सांगणं जमत नसेल तर घरगुती खूण सांगते: आरतीची एक ओळ सलग म्हणता आली पाहिजे, पण अख्खं कडवं गाता येऊ नये. गाता आलं तर व्यायाम कमी पडला. दोन शब्दांवर अडकले तर जास्त झाला, थांबा. थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर आला की सगळं ठीक. दहा मिनिटं झाली तरी धपापत असतील तर पुढच्या वेळी निम्मं करा.

आता खुर्ची. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या, नसेल तर शेजाऱ्यांकडून महिन्यासाठी मागा (कपालभातीच्या सल्ल्यापेक्षा त्यांची ही मदत जास्त उपयोगी पडेल). प्लॅस्टिकची नको. ती फरशीवर सरकते आणि हाताने जोर दिला की तिचे पाय फाकतात. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. यजमानांनी खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे. नाकाने श्वास घ्यायचा, पुढे झुकायचं, आणि फुंकर सोडत उभं राहायचं. जोर लावायचा तो श्वास सोडताना, एवढं एक लक्षात राहिलं तरी पुष्कळ. मग बसायचं. धपकन नाही! तीनपर्यंत मोजत हळूहळू खाली यायचं, अर्धा व्यायाम त्या खाली येण्यातच आहे. सुरुवातीला हातांनी मांड्यांवर किंवा खुर्चीच्या हातांवर जोर दिला तरी चालेल.

पहिल्या दिवशी चार-पाच वेळा उठबस झाली की बहुधा धाप चारवर पोचेल. दोन-तीन मिनिटं बसा, पुन्हा तेवढ्याच करा. सकाळी आणि संध्याकाळी. दोन-तीन दिवसांनी एक उठबस वाढवा. दहा-दहाचे दोन फेरे सहज व्हायला लागले की हातांचा आधार काढा. तोवर दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल. माझ्याकडे येणाऱ्यांत मी सगळ्यात जास्त भरवसा या एका व्यायामावर ठेवते, कारण संडासातून उठणं, पलंगावरून उठणं, रिक्षातून उतरणं, जिना चढणं, सगळ्यांत हीच हालचाल आहे.

आठवडाभराने त्यात भर घाला. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आठ-दहा वेळा. आणि हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, बसूनच, कोपरात वाकवून खांद्यापर्यंत आणायच्या. हात डोक्याच्या वर नेले की यांना जास्त धाप लागते, ते तुम्ही पाहिलं असेल, दोरीवर कपडे टाकताना किंवा डोक्यावरून बनियन काढताना. मान-खांद्याचे जे स्नायू त्यांना श्वासाला मदत करतात तेच तेव्हा हात पेलण्यात गुंतलेले असतात. म्हणून हात वर नेणारे व्यायाम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बाटल्यांशिवाय सुरू करा.

चालण्यासाठी रस्ता लागत नाही. पेठेतल्या या दिवसांतल्या रस्त्यावर, निसरड्या फरशांवर आणि अंगावर येणाऱ्या दुचाकींमध्ये आत्ता त्यांना सोडूही नका. हॉलच्या दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत शिवणकामाच्या टेपने मोजा. वीस फूट भरलं तर एक खेप सहा मीटर, जाऊन-येऊन पाच फेऱ्या झाल्या की साठ मीटर. वाटेतलं पायपुसणं, चटई, चार्जरची वायर उचला. पायात मागे पट्टा असलेली सॅंडल. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं चालायचं, बसायचं, असं दिवसातून चार-पाच वेळा. मग दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. सहा ते आठ आठवड्यांत आठवड्यातले बहुतेक दिवस एकूण वीस ते तीस मिनिटं चालणं व्हावं. सलगच व्हायला हवं असं नाही, तुकड्यांत झालं तरी ते धरायचं. एखादा दिवस वाईट जाईल. ढगाळ हवा असेल, झोप झाली नसेल. त्या दिवशी निम्मं करा, पण शून्य करू नका.

मध्येच धाप वाढली तर? ओट्यावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकवून पुढे झुकून उभं राहायचं, किंवा खुर्चीत बसून कोपरं मांड्यांवर. ताठ उभं राहून छाती फुगवायची नाही. आणि नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास आत, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर, गरम चहावर फुंकर घालतो तशी मऊ. दामटून नाही. यामागचं कारण सांगते. सीओपीडीत हवा आत जायला तितकी अडचण नसते, अडकते ती बाहेर पडताना. आपण घाईघाईने श्वास घेतला की जुनी हवा निघायच्या आत नवी घुसते. पीएमपीच्या बसमध्ये उतरणाऱ्यांना उतरू न देता चढणारे घुसले की जे होतं, तेच छातीत होतं. आत सगळे कोंबलेले आणि दारात रेटारेटी. फुंकर म्हणजे आधी उतरणाऱ्यांना वाट देणारा कंडक्टर.

यावरून कपालभातीचं उत्तरही मिळतं. त्यात श्वास जोराने, झटक्याने, भराभर बाहेर टाकायचा असतो. आधीच अरुंद झालेल्या नळ्या तशा दाबाने मिटतात, हवा आणखी अडकते, चक्कर येते. दवाखान्यातून बारा दिवसांपूर्वी आलेल्या सीओपीडीच्या माणसाने कपालभाती आणि भस्त्रिका करू नये. श्वास रोखून धरणारं काहीही नको. योगाची हौस असेल तर भ्रामरी चालेल, तिच्यात उच्छ्वास आपोआप लांबतो. शेजाऱ्यांना पुण्याचंच उदाहरण सांगा. बी. के. एस. अय्यंगार १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मले, लहानपणी क्षयासह बरीच दुखणी काढली, आणि पुढे याच शहरात राहून खुर्ची, दोर, लोड, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने योग शिकवायची पद्धत जगभर नेली. खुर्चीचा आधार घेण्यात कमीपणा मानायचा तर निदान पुण्यात तरी मानू नये.

तीन गोळ्यांच्या यंत्राबद्दल मात्र मुलाचं मन न दुखवता सांगावं लागेल. वाईट नाही ते. शस्त्रक्रियेनंतर लोक उथळ श्वास घेतात, तेव्हा खोल श्वासाची आठवण करून द्यायला त्याचा वापर होतो. पण आधी बघा, यजमान त्यात फुंकत तर नाहीत ना. पुष्कळ लोक फुंकतात. ते ओढायचं असतं. आणि तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणून संडासपर्यंत जाताना धाप कमी लागेल, असं होत नाही, कारण गोळ्या उचलताना मांड्या स्वस्थ बसलेल्या असतात. आवडत असेल तर टीव्ही बघताना करू दे. उठबस झाल्यावर.

ऑक्सिमीटरकडे येऊ. पुण्याला हे यंत्र कसं माहीत झालं ते आपण विसरलेलो नाही. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० ला इथेच सापडले, आणि पुढे घरोघरी लोक बोटाला चिमटा लावून हॉलमध्ये सहा मिनिटं चालत होते. तेव्हा ९४ च्या खाली गेलं की गाडी काढायची, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की आजही ९१ दिसलं की पोटात गोळा येतो. पण तो नियम त्या आजारापुरता, तोवर चांगल्या असलेल्या फुप्फुसांसाठी होता. जुन्या सीओपीडीत, आणि विशेषतः ज्यांना मास्कच्या मशीनवर ठेवावं लागलं त्यांच्यात, डॉक्टर पुष्कळदा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. म्हणजे ज्या ९१ वर तुमच्या घरात चेहरे उतरतायत तो कदाचित त्यांच्यासाठी अगदी योग्य आकडा असेल. म्हणूनच तो प्रश्न मी डॉक्टरांसाठी पहिला लिहिला. आणि कुणी 'घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणून ठेवा' म्हणालं तर स्वतःच्या मनाने लावू नका. अशा काही पेशंटमध्ये जादा ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, माणूस गुंगीत जातो.

मोजायचं तेव्हा नीट मोजा. पाच मिनिटं बसल्यावर, हात ऊबदार करून, नखाला मेंदी-नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. व्यायामाआधी एकदा, चालून झाल्या झाल्या एकदा, दोन मिनिटांनी एकदा. बस. चालताना दोन-चार अंकांनी उतरून पुन्हा वर आला तर ठीक. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ८८ च्या खाली गेल्यावर थांबा, आणि रोजच तसं होत असेल तर त्यांना कळवा.

मुलाला दुसरं काम द्या. त्याला काळजी आहे, तिला वाट हवी. ऑस्ट्रेलियात १६६ सीओपीडी पेशंटवर झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. निम्म्यांना केंद्रावर बोलावून व्यायाम दिला. उरलेल्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट एकदाच गेली, आणि मग आठवड्यातून एक फोन, एकूण सात फोन. घरात जे सामान असेल त्यावर व्यायाम. आठ आठवड्यांनी घरचे लोक केंद्रावर जाणाऱ्यांपेक्षा मागे पडलेले नव्हते. केंद्र दुसऱ्या टोकाला आहे म्हणून तुम्ही हळहळू नका. पण एक भेट आणि सात फोन यांची सोय करा. एकदा श्वसनाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा, चालणं, उठबस, पंप घेण्याची पद्धत तिच्यासमोर होऊ द्या. फोनचं मुलाकडे. रविवारी सकाळी एक फोन, आणि प्रश्न 'आकडा किती' असा नाही, 'बाबा, या आठवड्यात उठबस कितीवर गेली?' असा. बारीकसा फरक आहे. पहिल्या प्रश्नाला ते पेशंट म्हणून उत्तर देतात, दुसऱ्याला फोरमन म्हणून.

त्यांना एक वही द्या. तारीख, किती मिनिटं, किती फेऱ्या, किती उठबशा, धाप शून्य ते दहापैकी किती. अक्षर त्यांचंच हवं, तुमचं नको. आयुष्यभर कारखान्यात लॉगबुक भरलेला माणूस आहे, रकाना रिकामा राहिलेला त्यांना खपणार नाही.

आणि अंघोळ. ताई, अंघोळ घालणं थांबवा. एकदम नाही, पण या आठवड्यात. बाथरूममध्ये रबरी बुडाचं स्टूल ठेवा, त्यावर बसून त्यांची त्यांनी करू देत. पाणी कोमट, दार किंचित उघडं, कारण कोंडलेल्या वाफेत त्यांचा जीव घाबरतो. अंग पुसायची घाई नको. मोठा टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसलं की ते आपलं आपण सुकतं. दाढी बसून, मोजे पायावर पाय टेकवून, शर्ट पुढून बटणांचा. तुम्ही बाहेर थांबा. हात पुढे जाईल तुमचा, सवयीने. तो मागे घ्या. तुमच्या कंबरेचंही मला पत्रात काही दिसलं नाही, पण भरल्या अंगाच्या माणसाला अंघोळ घालणाऱ्या बाईची कंबर कशी असते ते मला माहीत आहे. पलंगावर चहा नेणंही बंद. चहा टेबलावर मिळेल. कोथिंबीर निवडणं, शेंगदाणे सोलणं, कपड्यांच्या घड्या, हे सगळं व्यायामातच मोजलं जातं.

पंपाविषयी तुम्ही लिहिलेलं नाही, पण 'सवय लागते' म्हणून घरातले लोक तो लपवतात, हे मी पाहिलंय. लागत नाही सवय. डॉक्टरांनी हो म्हटलं तर झटपट काम करणारा पंप व्यायामाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यावा, म्हणजे नळ्या उघड्या असताना चालणं होतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. जेवणानंतर तास-दीड तास व्यायाम नको, भरलेलं पोट श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं. आणि मऊ भात-तुपावर मांडी भरून येणार नाही. आमटी, उसळ, ताक, पनीर, चालत असेल तर अंडं, काहीतरी प्रत्येक जेवणात असू दे. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून.

गणपती तोंडावर आलेत. घरात बसत असतील तर धूप, अगरबत्ती, कापूर या वर्षी दुसऱ्या खोलीत, किंवा नकोच. डासांची कॉइल तर पहिली बाहेर काढा. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. सहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडलेल्या माणसाच्या उशाशी ती जळत असेल तर काय उपयोग! मच्छरदाणी लावा. आरतीला ते बसून टाळ वाजवू देत. सर्दी-खोकल्याचे पाहुणे दारातूनच प्रसाद घेऊन गेले तरी बाप्पा रागावणार नाही. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस झाली नसेल तर तीही फेरतपासणीत विचारा.

आता ज्या वेळी यातलं काहीही करायचं नाही ते. बसल्या जागी नेहमीपेक्षा जास्त धाप, छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर होणं, बोलण्यात गोंधळ किंवा न उतरणारी गुंगी, चक्कर येऊन पडणं: १०८ ला फोन करा, मुलाची हिंजवडीहून यायची वाट बघू नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा, अंथरुणात पडून राहिल्यावर तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. पुन्हा ताप, बेडका वाढणं किंवा हिरवा-पिवळा होणं, पंप नेहमीपेक्षा जास्त लागणं, यातलं काही झालं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन.

राहिला जिना. खुर्चीवरून हाताशिवाय दहा वेळा उठता आलं आणि घरात पाच मिनिटं सलग चालता आलं की जिन्याला हात घाला. पहिल्या दिवशी दाराबाहेरच्या फक्त चार पायऱ्या, उतरायच्या आणि चढायच्या, कठडा धरून. पायरीवर पाय ठेवताना फुंकर, पाय जुळले की श्वास, मग पुढची. मधल्या वळणावर सकाळीच एक स्टूल नेऊन ठेवा. शेजारी विचारतील, विचारू देत. तुम्ही एक पायरी खाली, बाजूला उभ्या राहा, दंड धरू नका. दर दोन दिवसांनी दोन पायऱ्या वाढवल्या तर दिवाळीच्या आत ते खाली टिळक रोडच्या कोपऱ्यापर्यंत पेपर आणायला जातील, असा माझा अंदाज आहे. गणपती आणायला या वर्षी मुलगाच जाईल.

पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचं मी आत्ता वचन देत नाही. त्यांनी विचारलं तर सांगा, आधी रिक्षाने पायथ्यापर्यंत जायचं, तिथल्या सपाटीवर चालायचं आणि परत यायचं. ते भांडतील. भांडले तर मला आनंदच होईल.

वहीची पहिल्या आठवड्याची पानं मला पाठवा. आणि ती प्लॅस्टिकची खुर्ची, जी तुम्ही आत्ता भिंतीकडे ओढली असणार, ती गॅलरीत नेऊन ठेवा.